चढावर गाडी दम टाकते? नोझल खोलण्याआधी डिझेलचं प्रेशर बघा

भरलेली गाडी सपाटीला नीट चालते, पण पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढाला लागली की अर्ध्यात दम टाकते. किंवा चिपळूणहून माल भरून कुंभार्ली चढताना गिअर उतरवत उतरवत शेवटी पहिल्यावर येते आणि मागे रांग लागते. गॅरेजला नेली की निवाडा ठरलेला असतो: "नोझल गेलेत", नाहीतर "पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवावा लागेल." दोन्ही कामं महागडी. आणि दोन्ही करूनही गाडी तशीच राहिली, अशी रडगाणी सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही ट्रक अड्ड्यावर चहाच्या एका कपात दोन-तीन ऐकायला मिळतात.

त्याच्या आधी करण्यासारखी एक स्वस्तातली तपासणी आहे. फिल्टर आणि डिझेल पंपाच्या मधे एक प्रेशर गेज लावायचा आणि गाडी लोडवर असताना काटा कुठे राहतो ते बघायचं. गेज काही दुरुस्त करत नाही. पण बिघाड पंपाच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढं तो सांगतो. अलीकडे म्हणजे टाकी, नळ्या, जाळी, फिल्टर, फीड पंप. यातली बरीच कामं शेकड्यात भागतात. पलीकडे पंप आणि नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं. तिथे हजारांची भाषा सुरू होते. हात कुठल्या बाजूला घालायचा हे कळावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

डिझेलचा प्रवास

आधी जुन्या धाटणीची गाडी घेऊ. इंजिनाच्या बाजूला तो लांबट इनलाइन पंप असतो, ज्याला गॅरेजमध्ये अजून मायको पंप म्हणतात, आणि त्यातून प्रत्येक सिलिंडरला एकेक लोखंडी नळी जाते, तसली. बीएस-३ (धुराच्या जुन्या सरकारी नियमांची पायरी) पर्यंतच्या कितीतरी गाड्या अशाच आहेत आणि उसाच्या हंगामात कारखान्याच्या रांगेत आजही भरपूर दिसतात.

टाकीतून डिझेल ओढायचं काम फीड पंपाचं. हा छोटा पंप मोठ्या पंपाच्याच अंगाला बसवलेला असतो आणि त्याच्याच कॅमवर चालतो. आत एक प्लंजर, एक स्प्रिंग आणि दोन लहान व्हॉल्व्ह. कॅम प्लंजरला मागे रेटतो, स्प्रिंग त्याला परत ढकलते, आणि या ढकलण्यात डिझेल फिल्टरकडे जातं. म्हणजे प्रेशर किती येणार हे कॅम ठरवत नाही, स्प्रिंग ठरवते. पुढे डिझेल खपत नसेल तर स्प्रिंग अर्ध्यातच थांबते आणि पंप आपोआप कमी माल देतो. साधी पण फार हुशारीची रचना आहे ही.

फिल्टरमधून गाळलेलं डिझेल मोठ्या पंपाच्या गॅलरीत, म्हणजे त्याच्या आतल्या डिझेलच्या पोकळीत येतं. गरजेपेक्षा जास्तच येतं, आणि जास्तीचं ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून रिटर्न पाइपने टाकीकडे परत जातं. जाताना पंपाची उष्णता आणि बारीक बुडबुडे सोबत घेऊन जातं. हा व्हॉल्व्ह बहुतेक पंपांत १ ते १.५ बारच्या आसपास उघडतो, म्हणून गॅलरीत तेवढं प्रेशर टिकतं. इंजिन चढलं की ते २ बारपर्यंतही जातं. तुमच्या पंपाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा पंपवाल्याच्या टेस्ट शीटवर असतो. तोच खरा धरायचा.

हे प्रेशर घसरलं तर ताकद का जाते? गाडी १५०० आरपीएमला असेल तर पंप त्याच्या निम्मे, म्हणजे मिनिटाला ७५० फेरे मारतो. एका फेऱ्याला ०.०८ सेकंद. त्यातही मोठ्या पंपातल्या प्लंजरच्या डोक्यावरची जागा डिझेलने भरायला मिळणारा वेळ आणखी कमी. मागून रेटा असेल तर ती जागा पुरी भरते. नसेल तर अर्धवट भरते, आणि नोझलकडे अर्धवटच डिझेल जातं. आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, मात्र वेळ भरपूर असतो आणि डिझेल थोडंसंच लागतं. म्हणून गाडी उभी असताना सगळं ठीक वाटतं आणि चढावर पितळ उघडं पडतं.

कृष्णाकाठी ज्याने विहिरीवर किंवा नदीवर मोटर चालवली आहे, त्याला पुढचं वेगळं शिकवायला नको. डिलिव्हरीच्या पाइपला भोक पडलं तर चिळकांडी उडते, लांबून दिसतं. सक्शनच्या पाइपला बारीक चीर गेली तर बाहेर थेंब येत नाही; हवा आत जाते आणि मोटर पाणी सोडते. फुटव्हॉल्व्ह गळका असेल तर रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी परत पाणी भरत बसावं लागतं. डिझेलच्या लाइनीत हेच होतं. टाकी ते फीड पंप ही सक्शनची बाजू, तिथली गळती डोळ्यांना दिसत नाही. सकाळी हँड प्राइमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारल्याशिवाय जी गाडी चालू होत नाही, तिचं दुखणं बहुतेक वेळा याच बाजूला असतं.

बीएस-६ गाडी असेल तर थांबा

२०२० च्या एप्रिलनंतरची गाडी असेल, किंवा त्याआधीचीही कॉमन रेलची असेल, तर तिचा नकाशा वेगळा आहे. तिथे हाय प्रेशर पंप डिझेल एका जाड लोखंडी रेलमध्ये भरतो आणि तिथलं प्रेशर १६०० ते २००० बार, काही इंजिनांत त्याहूनही वर जातं. त्या रेलला, त्या पंपाच्या पुढच्या नळ्यांना आणि इंजेक्टरच्या जोडांना बाहेरून कुठलाही गेज लावायचा नाही. तिथे सेन्सर आधीच बसवलेला असतो. स्कॅनर जोडला की मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर दोन्ही आकडे दिसतात.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती जिवावर बेतते. चालू इंजिनावर हाय प्रेशरची गळती बोटाने चाचपायची नाही. केसासारखी बारीक धार कातडीतून आरपार जाते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की प्रेशरचं डिझेल आत गेलंय. गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा धरून, लांबून. आणि इंजिन बंद केल्यावर रेलमधलं प्रेशर उतरायला काही मिनिटं द्यायची. जोड लगेच खोलायचा नाही.

कॉमन रेलमध्ये गेज लागतो तो फक्त लो प्रेशरच्या बाजूला. पुष्कळ मोठ्या गाड्यांत गिअर टाइपचा फीड पंप असतो, आणि त्याच्या पुढे साधारण ५ बार किंवा थोडं अधिक-उणं प्रेशर असतं. त्याच्या मागे, म्हणजे पाणी वेगळं करणाऱ्या पहिल्या फिल्टरच्या बाजूला, प्रेशर नसतंच. उलट ओढ असते. तिथे शून्याच्या खाली दाखवणारा व्हॅक्युम गेज लागतो. साधा गेज लावला तर काटा शून्याला टेकून बसेल आणि तुम्ही चांगल्या फीड पंपाला नावं ठेवाल. वॉरंटीतल्या गाडीची लाइन कापायची नाही हे वेगळं सांगायला नको. तपासणीपुरता गेज लावायचा, आकडा घ्यायचा, काढून टाकायचा.

यापुढचं सगळं इनलाइन पंपाच्या गाडीबद्दल आहे.

गेज कुठला घ्यायचा

गॅरेजच्या फळीवर एअरब्रेकचा जुना गेज धूळ खात पडलेला असतो, १० किंवा १२ किलोपर्यंतचा. तोच लावू या, असं हमखास सुचतं. नका लावू. काट्याच्या गेजची अचूकता पूर्ण मापाच्या टक्क्यांत धरतात. डायलवर बारीक अक्षरात २.५ असा क्लास लिहिला असेल तर १० बारच्या गेजमध्ये कुठेही पाव बार इकडेतिकडे चालतं. आपल्याला १.२ आणि ०.९ मधला फरक बघायचाय. ० ते ४ बारचा गेज घेतला तर तीच चूक ०.१ बारवर येते, आणि रोजचं प्रेशर डायलच्या मधल्या भागाजवळ दिसतं. ० ते २.५ सुद्धा चालेल, पण रिटर्न तुंबला तर काटा शेवटाला आपटतो.

गेज किलोत, पौंडात, बारमध्ये, तिन्हींत मिळतात. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. किलो आणि बार यांतला फरक दोन टक्क्यांचा आहे, सोडून द्या.

काट्याच्या गेजच्या आत चपटी, वाकवलेली पितळी नळी असते. आत प्रेशर आलं की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाची दातरी काटा फिरवते. १८४९ साली पॅरिसच्या यूजीन बोर्दोंने याचं पेटंट घेतलं आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. ना बॅटरी, ना वायर. तपासणीसाठी मी हाच सुचवेन, आणि ग्लिसरीन भरलेला. फीड पंप डिझेल धक्क्याधक्क्याने देतो, त्यामुळे कोरड्या गेजचा काटा इतका थरथरतो की आकडा वाचता येत नाही, आणि काही दिवसांत आतली दातरी झिजते. गेजच्या आधी एक नीडल व्हॉल्व्ह बसवून तो जवळजवळ बंद ठेवला तरी थरथर बसते. शिवाय नळी फुटली तर तोच व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून गाडी घरी आणता येते.

कायम डॅशबोर्डवर काटा हवा असेल तर इलेक्ट्रिक गेज घ्या: इंजिनाकडे प्रेशर ओळखणारा सेंडर, कॅबिनमध्ये मीटर, मधे नुसती वायर. डिझेलची नळी कॅबिनमध्ये कधीच आणायची नाही. एक जोड सैल झाला तर ड्रायव्हरच्या मांडीवर डिझेल, आणि गाडी घाटात. मीटर घेताना व्होल्टेज बघा. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट, पिकअपला १२. पिकअपसाठी आणलेला मीटर ट्रकला लावला तर तो चावी फिरवल्या फिरवल्या शेवटचा नमस्कार करतो.

बसवायचं कसं

जागा एकच: फिल्टरच्या नंतर, पंपाच्या तोंडाशी. तिथे डिझेलची नळी बँजो बोल्टने, म्हणजे आतून पोकळ आणि बाजूला भोकं असलेल्या बोल्टने जोडलेली असते. डोक्यात आटे पाडलेला तसाच बँजो बोल्ट मिळतो किंवा लेथवाल्याकडून करून घेता येतो. त्याच्या डोक्यात गेजची नळी येते. मूळ लाइनीला कात्री लावावी लागत नाही आणि नको तेव्हा जुना बोल्ट परत लावता येतो. लाइन कापून मधे बारीक भोकाचा टी घालणं हा मात्र वाईट उद्योग. तुम्ही अडथळा शोधायला निघालात आणि स्वतःच एक घालून आलात, असं होतं.

जुना बोल्ट काढून हातात घ्या आणि नवा त्याच्याशी ताडून बघा. लांबी, आट्यांमधलं अंतर आणि बाजूच्या भोकांची जागा, तिन्ही जुळायला हवं. गेजच्या बाजूला तर जास्तच सावध राहा. १/८ एनपीटी, १/८ बीएसपी आणि एम-१० बारीक आटा हे तिन्ही हातात घेतले तर सारखेच वाटतात. एनपीटीला इंचाला २७ आटे, बीएसपीला २८, आणि एम-१० च्या १ मिलिमीटर पिचला साधारण २५. एकमेकांत दोन-तीन आटे सहज जातात, मग अडतात. अडलं की पाना लावून रेटायचं नाही. पितळ मऊ असतं, ते गुपचूप जागा देतं, आणि मग सोलापूर रोडवर कुठेतरी गळायला लागतं.

खोलण्याआधी धुणं. उसाच्या फडातून आलेल्या गाडीवर काळ्या मातीचा थर बसलेला असतो. जोड आणि त्याच्या भोवतालचा सगळा भाग ब्रशने धुऊन हवा मारून घ्या. तुम्ही फिल्टरच्या पुढे काम करताय. इथे आत गेलेला कण अडवायला पुढे काहीही नाही, आणि प्लंजर-बॅरलमधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. याच कारणाने टेफ्लॉन टेप इथे वापरायची नाही. नळाला ती झकास चालते, पण तिचा एक धागा सुटून पंपात गेला की काम वाढतं. सपाट जोडाला तांब्याचे नवे वॉशर, निमुळत्या आट्याला डिझेलला टिकणारं द्रव सीलंट, तेही पहिला आटा कोरडा ठेवून. बँजोला दोन वॉशर लागतात, नळीच्या डोळ्याच्या वर एक आणि खाली एक. जुन्या वॉशरवर नखाला लागेल अशी कडा उमटलेली असते. तो परत लावला तर पिळलेल्या जागीच बसेल याची खात्री नाही. नवा काही रुपयांना मिळतो. घ्या.

गेज किंवा सेंडर थेट बँजोवर लटकवू नका. इंजिनाच्या थरथरीने पितळी मान तुटते, आणि तुटते तेव्हा डिझेल टर्बोच्या किंवा एक्झॉस्टच्या अंगावर जातं. हात-दीड हात डिझेलची रबरी नळी घ्या, दोन्ही टोकांना क्लॅम्प, आणि गेज चेसिसला किंवा फायरवॉलला पट्टीने बसवा. पाण्याचा पारदर्शक लेव्हल पाइप नको. डिझेलने तो कडक पडतो आणि जोडातून निसटतो. कॅबिन टिल्ट होणारी गाडी असेल तर नळी आणि वायर दोन्हींना पुरेशी ढील ठेवा आणि बांधून झाल्यावर कॅबिन एकदा पूर्ण उचलून बघा. गेज व्यवस्थित बसला, कॅबिन उचलली, आणि वायर ताणून तुटली, हे इतकं सर्रास होतं की त्याला बिघाड म्हणायलाही जीवावर येतं.

मग एअर काढायची. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्राइमर मारा. फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. गेजच्या टोकाचा नट थोडा सैल करून तिथलीही हवा सोडा. गाडी चालू करून आयडलला ठेवा, जोडांवर कोरडा कागद टेकवून बघा. कागदावर डाग उमटला नाही तर काम झालं.

काटा काय सांगतो

गाडी उभी असताना घेतलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही. तो फक्त पाया म्हणून लिहून ठेवायचा. खरं वाचन लोडवर, चढावर, पाय पूर्ण दाबलेला असताना. ड्रायव्हरने रस्ता बघायचा, काटा शेजारच्याने.

आयडलला बरोबर आणि लोडवर घसरतो, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. पहिला संशय फिल्टरवर, आणि तो तपासणं सोपं आहे: गेज फिल्टरच्या आधीच्या जोडाला लावून तेच लोड परत द्या. आधी प्रेशर चांगलं आणि नंतर पडलेलं असेल तर फिल्टर बदला आणि विषय संपवा. दोन्हीकडे पडलेलं असेल तर दोष मागे आहे, सक्शनला किंवा फीड पंपात. ड्रममधून डिझेल भरणाऱ्यांनी फिल्टरच्या तळाचा ड्रेन आधी उघडून बघावा. पावसाळ्यात ड्रमच्या तोंडावर साचलेलं पाणी हळूहळू आत जातं, आणि ते शेवटी तिथेच येऊन बसतं.

सक्शनच्या बाजूची एक गंमत सांगतो. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद भरून जाणारी एक दहाचाकी. नोझल बदललेले, पंप कॅलिब्रेशन करून आलेला, तरी गाडी चढावर बसायची. गेज लावला, आयडलला १.४, लोडवर ०.५ च्याही खाली. फिल्टर नवा घातला तरी तेच. सोबतच्या जुन्या मिस्त्रींनी ड्रायव्हरला विचारलं, "अण्णा, टाकीचं झाकण शेवटचं कधी धुतलंय?" अण्णा हसले. मिस्त्रींनी झाकण अर्धा फेरा फिरवलं आणि सुस्स करून हवा आत गेली. झाकणातलं हवेचं बारीक भोक चिखलाने लिंपून गेलं होतं. डिझेल बाहेर जात होतं आणि त्याच्या जागी हवा येत नव्हती, त्यामुळे टाकीतच ओढ तयार व्हायची. झाकण धुतलं, भोक तारेने मोकळं केलं. काटा लोडवर १.३ ला थांबला. म्हणून प्रेशर पडलेलं दिसलं की सगळ्यात आधी झाकण सैल करून एक फेरी मारा. फुकटची तपासणी आहे.

झाकण निर्दोष निघालं तर टाकीतली जाळी, आणि मग रबरी नळ्या. यातली सगळ्यात फसवी म्हणजे आतून फाटलेली नळी. बाहेरून काळीभोर, धडधाकट. आतलं अस्तर मात्र सुटलेलं असतं, आणि ओढ वाढली की ते पापुद्र्यासारखं आडवं येऊन वाट अडवतं. आयडलला परत जागेवर. अशी नळी हाताने दाबून कळत नाही. बदलूनच बघावी लागते. हवा कुठून येते हे शोधायला एक सोपी युक्ती: फीड पंपाच्या मागे थोडा वेळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे येतात का बघा. तपासणीपुरताच, नंतर काढा. किंवा फीड पंपाला सोबतच्या कॅनमधून सरळ नव्या नळीने डिझेल द्या. प्रेशर सुधारलं तर दोष टाकी ते पंप या वाटेत आहे. नाही सुधारलं तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह किंवा स्प्रिंग गेलेत.

फीड पंपाला शिक्षा देण्याआधी ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह मात्र बघा. त्याची स्प्रिंग मऊ पडली की डिझेल रिटर्नला पळतं आणि प्रेशर आयडललाही कमी राहतं. गाडी आयडलला ठेवून रिटर्नची रबरी नळी क्षणभर हलक्या हाताने चिमटा. काटा झपकन वर गेला तर फीड पंप चांगला आहे, व्हॉल्व्ह बदला. पूर्ण दाबून धरायची नाही, आणि कॉमन रेलच्या गाडीवर हा प्रयोग अजिबात नाही.

उलटा प्रकारही असतो. प्रेशर नेहमीपेक्षा बरंच जास्त, ३ बारच्या वर. रिटर्न पाइप कुठेतरी चेपलाय किंवा व्हॉल्व्ह अडकलाय.

इंजिन बंद केल्यावरही काट्याकडे बघा. तो सावकाश उतरला तर ठीक. दोन-चार सेकंदांत शून्यावर पडला तर कुठेतरी जोड गळतोय किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, आणि सकाळच्या प्राइमरचं उत्तर बहुधा तिथेच आहे.

आणि समजा चढावर काटा १.३ ला ठाम उभा आहे, तरी गाडी ओढत नाही. मग टाकीकडची सगळी बाजू निर्दोष आहे, तिकडे वेळ घालवू नका. एअर फिल्टर, टर्बोची हवेची नळी, घासत राहिलेला ब्रेक, आणि मग पंप व नोझल. काळा धूर असेल तर हवेकडे आधी बघा. डिझेल कमी पडतंय तर काळा धूर येत नाही.

गेजच खोटं बोलत असेल तर

इलेक्ट्रिक गेज लावल्यानंतर येणाऱ्या तक्रारींत डिझेलच्या कमी आणि वायरिंगच्या जास्त असतात. काटा सतत शून्य किंवा सतत पूर्ण दाखवत असेल तर पाना ठेवा, मल्टिमीटर घ्या.

सेंडर म्हणजे प्रेशरप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. बाजारात दोन घराणी आहेत. युरोपी पद्धतीत शून्याला १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला १८०. अमेरिकी पद्धतीत उलट, शून्याला २४० आणि पूर्ण प्रेशरला ३३. एका घराण्याचा सेंडर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला की काटा भलतंच सांगतो: प्रेशर वाढेल तसा उतरतो, किंवा इंजिन बंद असताना पूर्ण दाखवतो. हे वायरिंग उलटसुलट करून सुटत नाही. जोडीच बदलावी लागते.

जोडी बरोबर असेल तर चावी चालू करून, इंजिन बंद ठेवून, सेंडरची वायर काढा. युरोपी मीटरचा काटा पूर्ण वर जायला हवा, अमेरिकीचा शून्याच्या खाली. आता तीच वायर क्षणभर चेसिसला टेकवा. काटा दुसऱ्या टोकाला जायला हवा. गेला तर मीटर आणि वायर दोन्ही चांगले आहेत, संशय सेंडरवर किंवा त्याच्या अर्थवर (अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हच्या जोडणीवर). नाही गेला तर मीटरपासून सेंडरपर्यंतची वायर, फ्यूज आणि मीटरचा पुरवठा तपासा.

अर्थचं दुखणं खास आपल्या पद्धतीने सेंडर बसवणाऱ्यांना होतं. एकच वायरचा सेंडर आपल्या धातूच्या अंगातून अर्थ घेतो. तो आपण रबरी नळीने लांब नेऊन, रंग मारलेल्या पट्टीवर बसवतो, म्हणजे अर्थ गेला. मग काटा दिवसा बरा, पावसात वेडा, आणि हेडलाइट लावले की दोन घरं वर. सेंडरच्या षटकोनी अंगाखाली गोल लग अडकवून तिथून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किंवा इंजिनाच्या स्वच्छ घासलेल्या जागेपर्यंत स्वतंत्र वायर घ्या. मीटरची अर्थही डॅशबोर्डच्या स्क्रूवर न सोपवता तिथेच आणा.

वायर, अर्थ, जोडी सगळं जागेवर असूनही आकड्यावर विश्वास बसत नसेल तर त्याच बँजोला ग्लिसरीनचा काट्याचा गेज लावून दोन्ही आकडे शेजारी ठेवा. दोन्ही सारखे आले तर डॅशवरचा काटा खरं बोलतोय, पुढच्या तपासणीला लागा. वेगळे आले तर सेंडर बदला. दुकानात जाताना जुना सेंडर खिशात घ्या आणि मीटर कुठल्या ओहमचा आहे ते सांगा. नुसतं ट्रकचं नाव सांगितलं तर दुकानदार ऑइल प्रेशरचा हातात ठेवेल, त्याचं माप मोठं असतं आणि आपले १ ते २ बार त्याच्या तळाशीच घुटमळत राहतात.